दहावा मीच!

समभागांच्या वायदेबाजारात व्यवहार करण्यासाठी जो जो माणूस आपला मोबाइल उघडतो, त्याच्या डोळ्यांसमोर १ जुलै २०२३ पासून एक सूचना येते. या बाजारात उतरणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी नऊ तोट्यात गेल्या आहेत, असा तिचा आशय. रोखे बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ हिच्या आदेशाने प्रत्येक दलाल पेढीला ही सूचना दाखवावी लागते, आणि ती वाचल्याची ग्वाही दिल्याखेरीज ग्राहकाला पुढे जाता येत नाही. सूचना साधी आहे, आकडा निःसंदिग्ध आहे, आणि त्याचा अर्थ कळायला कोणत्याही पदवीची गरज नाही. तरीही लाखो सुशिक्षित माणसे ती वाचतात, वाचल्याची खूण करतात आणि पुढे जातात. त्या प्रत्येकाची मनोमन खात्री असते की, नऊ जण कोणी दुसरे, दहावा मीच! ही खात्री येते कोठून आणि तिच्यापायी घरोघरची शिल्लक कशी वितळते, याचा विचार मध्यमवर्गाने आता गंभीरपणे करावयास हवा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बाजारात ज्याला ‘ऑप्शन’ म्हणतात, तो सौदा सामान्यतः असा असतो : एखादा समभाग किंवा निर्देशांक ठरावीक मुदतीपर्यंत ठरावीक पातळी ओलांडील की नाही, यावर अल्प रक्कम मोजावयाची. अंदाज खरा ठरला तर त्या रकमेच्या अनेक पट हाती येतात. चुकला तर मुदत संपताच तिची माती होते. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी वायदे आणि ऑप्शन यांत व्यवहार केले. त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. साऱ्यांचा मिळून निव्वळ तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. खर्चवेच वजा जाता एक लाख रुपयांहून अधिक नफा पदरात पडलेल्यांचे प्रमाण शेकडा अवघे एक. यांतील तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपयांच्या आत असल्याचे नमूद केले होते. २०२३-२४ मध्ये व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण ४३ टक्क्यांवर पोहोचले. याच वर्षात, खर्च वजा करण्यापूर्वीच्या हिशेबाने, स्वतःच्या नावे व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये मिळविले, आणि त्यातील जवळजवळ सारी कमाई संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांची होती. म्हणजे एका बाजूला निमिषार्धात हिशेब करणारे यंत्र आणि दुसऱ्या बाजूला जेवणाच्या सुट्टीत मोबाइल चाचपणारा कारकून किंवा इंजिनिअर, असा हा सामना आहे.

या पाहणीतील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. लागोपाठ दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक लोक तिसऱ्या वर्षीही त्याच बाजारात उभे होते.

यावर सोपे उत्तर तयार असते : माणूस लोभी आहे, दुसरे काय! हे उत्तर आम्हांला पटत नाही. लोभ हा आजचा नाही आणि तो एका वर्गाचाही नाही. याच मुंबईत १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर आकडा लावण्याच्या खेळातून मटका फोफावला, तेव्हा चाळीच्या पहिल्या मजल्यावरचा पांढरपेशा तळमजल्यावरच्या गिरणी कामगाराला उपदेश करीत होता. ‘अरे, शिकला असतास तर असा फसला नसतास’, हा त्या उपदेशाचा मथितार्थ. आज त्या पांढरपेशाचा नातू उत्तम शिकला आहे. त्याला टक्केवारी समजते, आलेख वाचता येतात, इंग्रजी अर्थपत्रे तो रोज चाळतो. आणि तरीही तो तेथेच पोहोचला आहे. तेव्हा दोष शिक्षणाच्या अभावात नाही, लोभातही पुरता नाही. तो माणसाच्या मनाच्या घडणीत कोठेतरी आहे, असे मानणे भाग पडते.

ही घडण उलगडून दाखविण्याचे श्रेय मुख्यतः डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांना जाते. १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याने निर्णयशास्त्राची दिशाच बदलली. ट्वर्स्की १९९६ मध्ये वारले. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मार्च २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या सिद्धांताचे सार थोडक्यात असे सांगता येईल. अनिश्चित गोष्टीचा अंदाज बांधताना मन सारा हिशेब मांडीत बसत नाही. ते जवळच्या वाटेने जाते. अवघड प्रश्नाच्या जागी ते गुपचूप एक सोपा प्रश्न ठेवते, त्याचे उत्तर देते आणि अवघड प्रश्न सुटला असे समजते. ही जवळची वाट एरवी अत्यंत उपयोगी आहे. आभाळ भरून आले की आपण छत्री घेतो. भरधाव गाडी दिसली की पाय आपोआप मागे येतो. येथे गणित मांडीत बसणाऱ्याचा टिकाव लागायचा नाही. पण हीच वाट काही ठिकाणी दरीच्या कडेला जाते, आणि तेथे ती प्रत्येकाला एकाच बाजूला ढकलते. वायदेबाजार हे असे एक ठिकाण आहे.

पहिली वाट आठवणीची. ‘या धंद्यात यश मिळण्याचा संभव किती?’ हा प्रश्न अवघड. ‘यश मिळालेला कोणी मला आठवतो का?’ हा सोपा. आणि असा कोणी चटकन आठवतो, कारण जिंकलेला माणूस बोलतो. कचेरीत पेढे वाटले जातात, नवी गाडी सोसायटीच्या फाटकातून आत येते. हरलेला मात्र बायकोलासुद्धा सांगत नाही. वृत्तपत्रांचेही पोट घडलेल्या आणि अपूर्व गोष्टींवर चालते; एक लाखाचे एक कोटी करणारा बातमीचा विषय होतो, एक लाखाचे वीस हजार करणाऱ्या हजारोंची बातमी होत नाही. अशा रीतीने नऊ जण अदृश्य होतात आणि एकटा दहावा डोळ्यांसमोर उभा राहतो. मन आपल्यापुढील साक्षीदार मोजते. जे साक्षीला आलेच नाहीत त्यांची ते दखल घेत नाही.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि या शहरातील कापसाला सोन्याचे मोल आले. मग कंपन्यांचे पीक निघाले. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजार भरणा झालेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. काल श्रीमंत झालेला शेजारी हाच ज्याच्या त्याच्या दृष्टीने पुरावा होता, आणि त्या पुराव्यावर व्यापाऱ्यांपासून कारकुनांपर्यंत सर्वांनी वायदे केले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपुष्टात आले, कापूस गडगडला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणे चुकविण्यास कोणाजवळ पैसा नव्हता. नामांकित पेढ्या बसल्या. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. त्या वेळी मोबाइल नव्हता, संगणक नव्हता. मन मात्र हेच होते.

दुसरी वाट थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज करण्याची. नवशिक्याचे पहिले तीन सौदे साधले की त्याला आपल्याला ‘बाजार कळतो’ असे वाटू लागते. येथे एक साधे गणित पाहावे. १,०२४ माणसांना नाण्याचा छाप की काटा हे ओळखावयास सांगा आणि चुकेल त्याला बाद करा. दहा फेऱ्यांनंतरही सरासरीने एक माणूस असा उरतो की, ज्याचे एकही उत्तर चुकलेले नाही. त्याला नाण्याविषयी काहीही ज्ञान नाही; पण त्याला विचारा, तो आपली पद्धत समजावून सांगेल, आणि ऐकायला श्रोतेही जमतील! शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. नशिबाच्या खेळाला हा न्याय लागू पडत नाही. ही चूक अडाण्यांचीच आहे असे कोणी समजू नये. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संख्याशास्त्र कोळून प्यालेल्या संशोधकांनाच प्रश्न विचारले होते, आणि अल्प नमुन्यावर अवास्तव भिस्त ठेवण्याची चूक त्या तज्ज्ञांनीही केली होती. ज्ञान डोक्यात होते, पण निर्णयाच्या क्षणी ते हाताशी आले नाही.

तिसरी वाट तोट्याच्या धसक्याची, आणि आमच्या मते सर्वांत घातक हीच. १९७९ मध्ये या दोघांनी दाखवून दिले की, शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचे दुःख ही तराजूत सारखी भरत नाहीत. दुःखाचे पारडे बरेच खाली जाते. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, लाभ समोर असताना सावध असणारा हाच माणूस, तोटा समोर दिसू लागला की बेधडक होतो. ठरलेला तोटा पत्करण्यापेक्षा, तो भरून निघण्याच्या क्षीण आशेवर तो दुप्पट तोट्याचा धोका घेतो. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील एका दलाल पेढीच्या दहा हजार खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हेच आढळले : लोक नफ्यातले शेअर घाईने विकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात. विकलेल्या शेअरनी पुढील वर्षात राखून ठेवलेल्यांपेक्षा सरासरीने अधिक फळ दिले. ‘खरेदीच्या भावाला आला की विकीन’, हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? बाजाराला त्या खरेदीच्या भावाची खबरही नसते. ती खुंटी केवळ आपल्या मनात ठोकलेली असते. दोन वर्षे बुडालेले तिसऱ्या वर्षी परत का येतात, याचे उत्तर येथे आहे. त्यांना लोभ खेचून आणीत नाही; गेलेले परत मिळविण्याची तडफड त्यांना आणते. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो असा.

या तिन्ही वाटांवरून चालणाऱ्याला पुढे एक चौथी साथ मिळते, ती सोयीच्या पुराव्याची. एकदा मत बनले की, माणूस त्याला दुजोरा देणारी बातमी शोधतो आणि विरोधी बातमीत खोट काढतो. या ठिकाणी शिक्षण उपकारक होण्याऐवजी पुष्कळदा अपकारकच ठरते, कारण सुशिक्षिताजवळ युक्तिवादांचा साठा मोठा असतो. अडाणी माणूस ‘नशीब’ म्हणून गप्प बसतो; शिकलेला अमेरिकन व्याजदरापासून मॉन्सूनपर्यंत दहा कारणे सांगतो आणि पुन्हा सौदा करतो. ब्रॅड बार्बर आणि ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६,४६५ अमेरिकी कुटुंबांचे व्यवहार तपासले. बाजाराने त्या काळात वर्षाला सरासरी १७.९ टक्के दिले. सर्वांत अधिक उलाढाल करणाऱ्यांच्या पदरात ११.४ टक्केच पडले. धावपळ जितकी जास्त, तितकी मिळकत कमी. मधला पैसा खर्चापोटी गेला.

आता याची दुसरी बाजू मांडणे न्यायाचे होईल. वायदे आणि ऑप्शन यांचा उगमच पापात आहे, असे आमचे म्हणणे नाही. निर्यातदाराला डॉलरच्या भावाची, संस्थेला आपल्या समभागांच्या घसरणीची धास्ती असते. ती दुसऱ्याच्या खांद्यावर देण्याचे हे साधन उपयुक्त आहे. मनाची जवळची वाट नेहमीच चुकते असेही नाही. गॅरी क्लाइन यांनी अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करून दाखविले की, आगीत शिरलेला अनुभवी अधिकारी क्षणार्धात जो निर्णय घेतो तो बहुधा अचूक असतो. कानेमन आणि क्लाइन हे परस्परविरोधी मतांचे. पण २००९ मध्ये दोघांनी मिळून निबंध लिहिला आणि अंतःप्रेरणेवर कोठे विसंबावे याविषयी एकमत नोंदविले. जेथे परिस्थितीला काही नियम आहे आणि चुकीची शिक्षा तत्काळ व स्पष्ट मिळते, तेथे अनुभवाने मन शहाणे होते. गृहिणीला दूध उतू जाण्याचा क्षण कळतो, वैद्याला रोग्याचा चेहरा वाचता येतो, तो याच कारणाने. वायदेबाजारात चुकीचा निर्णय कधी लाभ देतो, तर बरोबर निर्णय कधी बुडवितो. असा गुरू शिष्याला काय शिकविणार?

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. सज्ञान माणूस स्वतःच्या पैशाचे काय करतो यात सरकारने नाक का खुपसावे? प्रश्न योग्य आहे, आणि बंदीची मागणी आम्ही करीत नाही. परंतु हे स्वातंत्र्य वापरले जाते कोणत्या परिस्थितीत, हे पाहिले पाहिजे. दलाल पेढीची प्राप्ती ग्राहकाच्या लाभावर अवलंबून नसते, ती उलाढालीवर असते. तीन वर्षांत व्यक्तींनी सौद्यांच्या खर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये मोजले. ज्या पडद्यावर सावधगिरीची सूचना झळकते, त्याच पडद्यावर सौदा करणे बोटाच्या एका स्पर्शाइतके सोपे करून ठेवले आहे. मनाच्या दुबळेपणावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांनी मनाच्या स्वातंत्र्याची वकिली करावी, यात विसंगती आहे.

मग उपाय कोणता? ‘सावध राहा’ हा उपदेश निरुपयोगी आहे, हे सूचनेच्या अनुभवाने सिद्ध झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सेबी’ने नियम कडक केले, सौद्याचा किमान आकार वाढविला, दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या सौद्यांची संख्या घटविली. त्याने व्यवहार करणाऱ्यांची संख्या काहीशी ओसरली. पण २०२४-२५ या पूर्ण वर्षाचा हिशेब आला तेव्हा शंभरांतील ९१ जण तोट्यातच होते आणि त्यांचा निव्वळ तोटा आदल्या वर्षीच्या ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटी रुपयांवर गेला होता. स्वतः कानेमन यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात प्रांजळपणे लिहिले आहे की, आयुष्यभर या विषयाचा अभ्यास करूनही आपले मन त्याच चुका करण्याचे सोडत नाही. ज्याने रोग शोधला त्याला जो उपाय साधला नाही, तो ग्राहकाला एका ओळीच्या सूचनेने साधेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. उपाय मनाच्या बाहेर, रीतीत आणि नियमांत शोधला पाहिजे.

म्हणून आमची पहिली सूचना ‘सेबी’ला आहे. दहांतील नऊ हा आकडा दुसऱ्यांचा असतो, म्हणून तो मनाला लागत नाही. त्या जागी ग्राहकाला त्याचा स्वतःचा आकडा दाखवावा : खाते उघडल्या दिवसापासून आजवर, सारा खर्च धरून, या व्यवहारांत तुमचे एकूण इतके रुपये गेले आहेत. मात्र एवढ्यावर थांबून चालणार नाही. तोट्याचा आकडा माणसाला बेधडक करतो, हे वर आलेच आहे. तेव्हा वर्षभरात अधिकात अधिक किती गमवावयाचे, ही मर्यादा प्रत्येक ग्राहकाने खाते उघडतानाच, डोके शांत असताना, लिहून द्यावी. ती गाठताच व्यवहार आपोआप थांबावा. आणि ती वाढवावयाची झाल्यास तीन महिने थांबावे लागावे. यात स्वातंत्र्याचा संकोच कोठेही नाही. शांतपणे घेतलेला स्वतःचाच निर्णय घाबऱ्या घटकेतील निर्णयावर अधिकार चालवितो, इतकेच.

दुसरी सूचना वाचकांना. आपल्या वाडवडिलांच्या घरी जमाखर्चाची वही असे. रोजच्या भाजीच्या पैशांचा हिशेब लिहिणाऱ्या त्या पिढीला आपल्यापेक्षा कमी समजत होते असे नाही. आठवण आपल्याला सोयीचे तेवढेच सांगते, हे तिला ठाऊक होते. ज्यांचा या बाजाराशी संबंध आहे, त्यांनी सौदा करण्यापूर्वी त्याचे कारण दोन ओळींत लिहावे आणि वर्षअखेर कारण व परिणाम शेजारी शेजारी ठेवून वाचावे. ‘बाजार कळतो’ ही समजूत त्या वहीपुढे टिकली, तर खुशाल पुढे जावे. शिवाय घरातील एका माणसाला, पत्नीला, पतीला किंवा वडिलांना, खात्याचा खरा आकडा दर महिन्याला दाखविण्याचा नेम करावा. गुप्तता हे या व्यसनाचे खतपाणी आहे. आणि ज्या आईवडिलांची मुले नुकतीच नोकरीला लागली आहेत, त्यांनी पहिल्या पगाराचे पेढे देवापुढे ठेवताना, हा पगार कोठे जातो, याचीही आपुलकीने चौकशी करावी. रागावून विचारले तर उत्तर मिळायचे नाही. हरलेला माणूस आधीच लाजेने मिटलेला असतो.

सेवानिवृत्तीची पुंजी, मुलीच्या शिक्षणाचा निधी, घराचा पहिला हप्ता, ही सारी तीस तीस वर्षांच्या नोकरीतून साठते. ती एखाद्या गुरुवारच्या दुपारी नाहीशी व्हावी, इतकी ती स्वस्त नाही. आपण इतरांहून वेगळे आहोत, ही भावना बाळगणारे नऊजणही होते आणि दहावाही होता. तिच्यावरून त्यांना एकमेकांपासून ओळखता आले नसते. तेव्हा पुढचा सौदा करण्यापूर्वी आपल्या खात्यातील आजवरची बेरीज एकदा कागदावर मांडावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.